तिसऱ्या दाराची कडी

मी कडी बोलतेय. कुठल्या दाराची, ते लगेच विचारू नका. सांगणारच आहे, पण जरा धीर गोळा करू द्या. आजवर मला कुणी बोलतं केलं नाही, आणि केलं असतं तरी पत्ता टाळून मी बाकीचं सगळं सांगितलं असतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लोखंडी पट्टी प्रेसखाली सरकली, धाडकन आवाज झाला आणि मी पट्टीतून सुटी झाले. मग मला वाकवलं, घासलं, चकचकीत मुलामा दिला. सरकायची एक दांडी, ती धरायला छोटंसं बोंड, आणि जोडीदार म्हणून एक कोयंडा. आम्ही दोघं एकाच पुडीत, स्क्रूंसकट. दुकानाच्या फळीवर शेजारच्या पुड्यांशी आमच्या गप्पा चालायच्या. एकीला बँकेत जायचं होतं, एकीला डॉक्टरांच्या खोलीच्या दारावर. मी म्हणायचे, मला कुठंही लावा, फक्त आत बसलेल्या माणसाला माझ्या भरवशावर निवांत वाटलं पाहिजे. नव्या नव्या पुडीतलं बोलणं ते!

एक दिवस ठेकेदाराचा माणूस आला. "दिसायला बरी आणि किमतीला हलकी, अशी द्या," म्हणाला. दुकानदारानं न बघताच आमच्या फळीकडे हात नेला.

आता सांगते पत्ता. वस्तीच्या टोकाला, पाण्याच्या नळासमोर, सार्वजनिक संडास आहे. त्यातली बायकांची बाजू. त्यातलं तिसरं दार. त्या दाराच्या आतल्या अंगाला मी. झालं, सांगून टाकलं.

सुरुवातीला मला या पत्त्याचीच लाज वाटायची. बँकेत गेलेली ती बहीण काय म्हणेल, असं मनात यायचं. पण त्या दिवसांत निदान माझं काम तरी चोख होतं. बाई आत यायची, मला सरकवायची, मी कोयंड्यात जाऊन खट्कन बसायचे, आणि आतल्या बाईचा सुटलेला श्वास मला ऐकू यायचा. त्या श्वासासाठी वास, ओल, माश्या, सगळं मी सहन केलं असतं.

पण दार ओल्या लाकडाचं होतं. पहिल्या वर्षी ते फुगलं, मग आक्रसलं, आणि हळूहळू बिजागऱ्यांवरून खाली बसलं. दाराबरोबर मीही खाली आले. कोयंडा चौकटीवर होता तिथेच राहिला. आमच्यात बोटभर अंतर पडलं. मी सरकायचे, चौकटीच्या लाकडावर आपटायचे आणि तिथेच थांबायचे. दांडी शाबूत, बोंड शाबूत, मुलामासुद्धा बऱ्यापैकी टिकलेला. बाहेरून डोकावणाऱ्याला वाटावं, काय ठणठणीत कडी आहे! फक्त मी लागत नव्हते.

चारही दारं एकाच ठेकेदाराची, त्यामुळे चौघींची गत एकच झाली. पण माझं दार नेमकं नळासमोर. आडोशाची भिंत कधीच पडून गेलेली. माझ्यावर जी वेळ यायची ती नळाच्या रांगेसमोर यायची.

बायकांनी बोलून न दाखवता आपापले उपाय काढले. कुणी बादली दाराला टेकवून ठेवायची, कुणी मैत्रिणीला बाहेर उभी करायची. वस्तीत कपडे शिवून देणाऱ्या एक वहिनी होत्या, त्या आत बसल्या की गुणगुणत राहायच्या. गाणं ऐकू आलं की दाराला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. वहिनींना गाण्याची मुळीच हौस नव्हती. घरी मशीनवर बसून दिवसभर त्या तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत, असं त्यांची मुलगीच सांगायची. कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या, सगळ्या वस्तीच्या मावशी लागणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांची तऱ्हा वेगळी. त्या आतून मोठ्यानं ओरडायच्या, "मी आहे गं आत! मेले नाही अजून!" बाहेर हशा पिकायचा. मी मात्र दाराला चिकटून खाली बघत राहायचे. एका बोटाच्या अंतरापायी या बायकांना गावं लागतंय, ओरडावं लागतंय, आणि मी चकाकत नुसती बसलेय!

आता त्या दुपारबद्दल सांगते. वहिनींची थोरली मुलगी शाळेतून आली आणि दप्तरासकट आत आली. वय वर्षं तेरा. तिनं मला सरकवलं, मी लाकडावर थांबले. तिनं दप्तर दाराला टेकवलं. दप्तर हलकं निघालं. बाहेर वाऱ्याची झुळूक आली आणि दार सताड उघडलं.

नळावर रांग होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्यांनी माना फिरवल्या, काही बघितलंच नाही असं दाखवत भांडी खडखडवली. त्या माना फिरवण्यानंच तिला जास्त लागलं असावं. तिनं एका हातानं दार लोटून घेतलं आणि बराच वेळ ती माझं बोंड धरून उभी राहिली. तिचा तळहात घामेजला होता. मी लाकडात घुसायला बघत होते. लोखंडाला जेवढी धडपड करता येते तेवढी मी केली, पण माझ्यासाठी तिथं भोकच नव्हतं.

त्यानंतर ती दिवसा यायची बंद झाली. दिवेलागणीला आईबरोबर येई, तेही रोज नाही. वहिनी एकदा नळावर मावशींना सांगत होत्या, "पाणीच पीत नाही हो पोरगी. शाळेत जाताना नाही, आल्यावर नाही. डॉक्टर म्हणाले, लघवीला जळजळ त्यानंच होतेय. दोनदा ताप येऊन गेला. तिचे बाबा म्हणतात, हट्टी आहे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? औषध आणलं."

थोरलीचे बाबा वस्तीबाहेरच्या रस्त्यावर गॅरेज चालवायचे. गाड्यांची दबलेली, वाकलेली, न लागणारी दारं नीट करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं लोक म्हणायचे. त्यांच्याबद्दल असं काही कानावर आलं की मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं. घरातला माणूस दारं दुरुस्त करतो आणि पोरगी दारापायी पाणी पीत नाही! पण त्यांना कळणार कसं? बायकांच्या बाजूला ते कधी फिरकले नव्हते, आणि घरात कुणी बोललं नव्हतं.

अशात एके दिवशी सर्वे करणारी माणसं आली.

नगरपालिकेला शहरातल्या सार्वजनिक संडासांपैकी कुठले आधी दुरुस्त करायचे ते ठरवायचं होतं. सगळे एकदम होणार नव्हते. जिथं लोकांची गैरसोय जास्त, तिथं काम आधी. आणि गैरसोय किती, ते लोकांना विचारून ठरणार. या कामाचे प्रमुख एक सर होते, उंच, चष्मेवाले. गळ्यात मोजपट्टी नसली तरी नजरेनंच सगळं मोजत असायचे, म्हणून मावशींनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'मोजमाप सर' असं नाव ठेवलं. त्यांच्या हाताखाली सर्वे करणारी एक तरुण ताई. पूर्ण शहरात जाण्याआधी आमच्या वस्तीत चाचणी फेरी करायची, प्रश्न बरोबर आहेत का बघायचं, आणि मग तीच पद्धत सगळीकडे लावायची, असा बेत. हा सगळा बेत आमच्या भिंतीच्या सावलीत ठरला. दार अर्धवट उघडं असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

सर माणूस वाईट नव्हता, उलट फार काटेकोर. "तुम्हाला आवडेल त्या घरात शिरायचं नाही," ते ताईला सांगत होते. "बोलकी माणसं शोधू नका. बोलकी माणसं सगळीकडे तीच तीच असतात. पहिलं घर चिठ्ठी काढून, तिथून पुढे ठरावीक अंतरानं. जे घर येईल ते. बंद असेल तर परत या. शेजारचं उघडं आहे म्हणून तिथं बसलात असं चालणार नाही."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. इतकी वर्षं कुणी आलं की नळावरच्या बोलघेवड्या पुढाऱ्याला विचारून निघून जायचं. हा माणूस मात्र एकेका घराचं दार सोडायला तयार नव्हता. मनात म्हटलं, आता आपली लाज उघडी पडणार आणि बरंच होणार.

"आणि घरात गेल्यावर कुणाला विचारायचं, सर?" ताईनं विचारलं.

"कर्त्या माणसाला. घराची सगळी माहिती त्यालाच असते," सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

घरं निवडायला इतका वेळ, आणि घरातला माणूस निवडायला एवढंसं वाक्य. मला तेव्हा काही कळलं नाही. ताईलाही कळलं नसावं, कारण तिनं मान डोलावली.

मग तिनं आमची तपासणी केली. पाणी आहे का, दिवा आहे का, दार आहे का, दाराला कडी आहे का. दार ढकलून तिनं आत डोकावलं, मला पाहिलं आणि कागदावर माझ्यापुढे खूण केली. कडी आहे. मला वाटलं, अगं, एकदा सरकवून तरी बघ. पण ती पुढच्या दाराकडे गेली.

फेरी झाली. निवडलेल्या घरांत गॅरेजवाल्यांचंही घर होतं. तिथं काय झालं ते मला वहिनींकडून कळलं. माझी सगळी माहिती अशीच, दाराशी उभं राहून बायका बोलतात त्यातली.

"हे खुर्चीत बसले होते, दीर आलेले, ते कॉटवर," वहिनी मावशींना सांगत होत्या. "तिनं विचारलं, संडासाच्या सोयीबद्दल समाधानी आहात का? हे म्हणाले, हो, चांगलं आहे की. पाणी असतं, दिवा लागतो. दाराला कडी आहे का? आहे."

"आणि तू काय मूग गिळून बसलीस?"

"मग काय करू? दिरासमोर सांगू, की मी आत गाणं म्हणत बसते? पोरीचं सांगू? ती पडद्यापलीकडेच होती, तिला ऐकू गेलं असतं."

मावशी बादली घासायला लागल्या. त्यांच्याकडेही कुणी विचारायला गेलं नव्हतं, आणि गेलं असतं तर आपण तरी सांगितलं असतं का, असा विचार त्या करत असाव्यात.

संध्याकाळी सर आणि ताई आमच्या कट्ट्यावर उत्तरं बघत बसले. समाधानी, समाधानी, बऱ्यापैकी समाधानी. एकानं तेवढं दिव्याचा बल्ब वाढवायला सांगितलं होतं. सर म्हणाले, "इथली स्थिती चांगलीच दिसते. हा संडास कामाच्या क्रमात बराच खाली जाईल. पद्धतही जमलीय. उद्यापासून शहरात सुरू करू."

मी दारावर गोठले. खाली जाणार म्हणजे किती वर्षं? आणि तीच पद्धत, तेच प्रश्न, शहरातल्या प्रत्येक वस्तीत! जिथं जिथं एखादी कडी बोटभर चुकली असेल, तिथं तिथं खुर्चीतला माणूस सांगणार, आहे की कडी. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं.

ताई तोंड धुवायला नळापाशी आली. मावशी बादली भरत होत्या, थोरली त्यांचा हंडा उचलायला थांबली होती. मावशींची नजर ताईच्या पिशवीवर गेली.

"काय गं, सकाळी आलीस तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली, आताही तशीच. मिरवायला आणतेस का?"

ताई ओशाळून हसली. "फिरतीवर असले की पाणी पीत नाही मी, मावशी. प्यायलं की जायचं कुठं, हा प्रश्न."

थोरलीनं हंडा खाली ठेवला आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"अगं, मग ज्याची दिवसभर चौकशी करतेयस, त्यातच जा की!" मावशी म्हणाल्या.

हे ताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळपासून तिनं या संडासाबद्दल इतकी उत्तरं लिहून घेतली, पण तो आपल्यासाठीही आहे असं तिला वाटलं नव्हतं. ती संकोचून वळली आणि नेमकी माझ्या दारात आली.

तिनं मला सरकवलं. मी अडले. तिनं दार उचलून बघितलं, खांदा लावला, पुन्हा सरकवलं. मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला जन्माला आल्याचा पश्चात्ताप झाला. सकाळी हिनंच माझ्यापुढे खूण केली होती. एक हात दाराला लावून बसू म्हणावं तर हात पोचत नव्हता. पिशवी टेकवली तर पिशवी कलंडली. शेवटी ती नुसतीच उभी राहिली.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ओढून धरलं. "मी धरते. बसा तुम्ही," थोरलीचा आवाज आला.

ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "थँक्यू गं," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावत, "तू आत असलीस की कोण धरतं?"

"कुणी नाही," थोरली म्हणाली. "मी येतच नाही."

ताई सरांकडे गेली. मला वाटलं, आता सांगेल. पण तिचीही जीभ अडखळली. प्रश्न विचारायचं शिक्षण घेतलेली बाई, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तिला शब्द सापडेनात.

"सर, तपासणीत एक दुरुस्ती आहे."

"कसली?"

"कडी."

"नाहीये?"

"आहे."

"मग?"

"लागत नाही, सर."

सरांनी चष्मा वर केला. "पण तक्रार कुणाचीच नाही. आपण विचारलेल्यांपैकी एकाचीही नाही."

"आपण विचारलं ते इथं येतच नाहीत, सर. ते पलीकडच्या बाजूला जातात."

"घरात बायका बोलल्या असतील ना. घरात माहीत असतंच."

घरात कसं बोलायचं, हे ताईला तरी कुठं माहीत होतं? मघाशी आपण आत कशा उभ्या होतो ते तिला सरांना सांगता येत नव्हतं.

बादलीवरचा हात काढून मावशी पुढं आल्या. "साहेब, एवढा घोळ कशाला? या, आत या. कडी लावून दाखवा."

"मी? बायकांच्या बाजूला?"

"कुणी नाही आत. आम्ही उभ्या आहोत ना राखण करायला. या."

नळावरच्या बायका जवळ सरकल्या. वहिनी मशीन सोडून आल्या होत्या. सर नाइलाजानं उठले, फाईल हातातच राहिली, आणि ते माझ्या दारात शिरले. आजवर माझी लाज एकेका बाईपुरती होती. आता अख्खी रांग बघत होती.

सरांनी दार लावून घेतलं. मला सरकवलं. पुन्हा सरकवलं. दार वर उचललं, गुडघा लावला. मोजायची सवयच त्यांना, त्यांनी माझ्यातलं आणि कोयंड्यातलं अंतर बोटानं मोजलंसुद्धा. "बोटभर चुकतंय फक्त," ते आतून म्हणाले. "तसं काही फार—"

मावशींनी बाहेरून एका बोटानं दार ढकललं. दार सताड उघडलं.

सर आत उभे होते. शर्ट, पँट, पट्टा, पायात बूट, सगळं जागच्या जागी. तरीही दार उघडताक्षणी त्यांनी दोन्ही हातांनी फाईल पुढं धरली आणि अंग चोरून घेतलं. समोर बायकांची रांग होती. आधी सगळ्या खो खो हसल्या. मग सरांचा चेहरा बघून हसू विरत गेलं. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं, अंगावर सगळे कपडे असताना आपण फाईल का धरून उभे आहोत.

थोरली हसली नव्हती. तिनं पुढं होऊन दार हळूच ओढून घेतलं आणि सर बाहेर येईपर्यंत मान वळवून उभी राहिली.

सर कट्ट्यावर बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "उद्या शहरात जायचं नाही. आधी हे नीट करू." ताईला वाटलं दाराबद्दल बोलताहेत. ते पद्धतीबद्दल बोलत होते.

नवा बेतही आमच्याच भिंतीपाशी ठरला. या वेळी त्यांनी मावशींना आणि वहिनींना कट्ट्यावर बसवून घेतलं. घर निवडायची रीत तीच ठेवली, पण आता घरातला माणूसही निवडायचा. बाई असो, बाप्या असो, म्हातारं असो, ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्याला विचारायचं. बारा वर्षांपुढची मुलंसुद्धा धरायची, आईवडील हो म्हणाले तर. बाईला बाईनंच विचारायचं, आणि घरच्यांच्या देखत नाही.

"एका खोलीत देखत नाही म्हणजे कसं?" ताई म्हणाली. "बाहेर काढलं तरी ऐकू जातं."

"माझं मशीन चालू ठेवते मी," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या आवाजात शेजारचा माणूस ऐकू येत नाही. हे रोज म्हणतात."

आणि कडीचा प्रश्न बदलला. 'आहे का' याऐवजी 'आत गेल्यावर लागते का' असं विचारायचं ठरलं. तपासणीला जाणाऱ्यानं दार लावून, कडी सरकवून, बाहेरून दुसऱ्याला ढकलायला सांगायचं. सरांनी हे स्वतः लिहिलं. लिहिताना ते माझ्याकडे बघायचं टाळत होते, मी त्यांच्याकडे.

गॅरेजवाल्यांच्या घरात आधी येणारा वाढदिवस निघाला थोरलीचा. "तिला काय विचारायचं? मी सांगितलंय ना सगळं," ते म्हणाले. पण वहिनींनी कधी नव्हे ते मध्ये तोंड घातलं. "विचारू द्या हो," एवढंच म्हणाल्या. ते कुरकुरत बाहेर पायरीवर जाऊन बसले. मशीन सुरू झालं. त्या घरघरीत ताई आणि थोरली डोकं जवळ घेऊन बोलत होत्या.

आणि मध्येच मशीन थांबलं.

क्षणभरच. पण त्या क्षणी थोरलीचं वाक्य पायरीपर्यंत गेलं. "दार उघडलं तेव्हा सगळ्यांनी बघितलं, म्हणून मी पाणी पीत नाही." मग मशीन पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी नळावर वहिनी मावशींना हे सांगत होत्या. "दोरा संपला होता," त्या म्हणाल्या.

"खरंच संपला होता?"

वहिनींनी हंडा नळाखाली सरकवला. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि मावशींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोरीनं ताईला विश्वासानं सांगितलेलं होतं. वहिनींची मान त्यानंतर किती तरी वेळ खालीच होती.

त्याच दुपारी गॅरेजवाले आले. हातात स्क्रू ड्रायव्हर, पटाशी, खिशात स्क्रू. मावशींनी आत कुणी नाही हे बघून त्यांना यायला सांगितलं. थोरली दाराबाहेर उभी होती. तिनं यायला नको म्हटलं असणार, पण आली होती.

ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मला सरकवलं. एकदा, दोनदा. गाड्यांची एवढी दारं हाताखालून गेलेला माणूस, त्याला पहिल्या हिसक्यालाच सगळं कळलं असणार. तरी ते सरकवतच राहिले.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी दाराकडेच बघत विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठं?" थोरली म्हणाली.

त्यांनी ड्रायव्हर माझ्या स्क्रूला लावला. "भंगार कडी. काढून फेकतो."

मी मनाशी म्हटलं, फेका. माझं तेच व्हायला हवं.

"कडी चांगली आहे, बाबा," थोरली म्हणाली. "दार खाली बसलंय. तिचं काही चुकलेलं नाही. काज भलत्याच जागी केलं तर बटण काय करणार?"

एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. बाबांनी वळून मुलीकडे पाहिलं. ती माझ्याबद्दल बोलत होती, पण त्यांनी ते दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकलं असावं. "नाही, तिचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी ड्रायव्हर माझ्यावरून काढला आणि कोयंड्याला लावला.

बिजागरीचे स्क्रू आवळले. कोयंडा काढून बोटभर खाली घेतला. चौकटीत पटाशीनं नवं भोक पाडलं. पाणी तापायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. इतकी गाणी, इतका आरडाओरडा, पोरीचे ताप, आणि काम एवढंसं!

सरांचा सर्वे आता शहरात चालू आहे. आमचा संडास कामाच्या क्रमात वर गेलाय, म्हणे. कधीतरी नवी दारं येतील, नव्या कड्या येतील, आणि मी भंगारात जाईन. त्याचं मला वाईट वाटणार नाही. जाण्याआधी एवढीच विनवणी आहे: कुणाच्या दाराशी चौकशीला गेलात, तर जो खुर्चीत बसलाय त्याला विचारून परत फिरू नका. आत कुणीतरी उभं असतं. आणि माझ्यासारखी एखादी दिसली, तर तिच्यापुढे खूण करायच्या आधी एकदा सरकवून बघा.

त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलं. काम झाल्यावर बाबा बाजूला झाले आणि थोरली आत आली. भर दुपार होती, नळावर रांग होती. बाबा दाराबाहेर पाठ करून, दोन्ही हात मागे नेऊन दार ओढून धरून उभे राहिले. तिनं मला धरलं. तळहात घामेजलेलाच होता. मी सरकले, आणि कोयंड्यात जाऊन खट्कन बसले.

किती तरी वर्षांनी मला तो श्वास ऐकू आला.

"बाबा," ती आतून म्हणाली, "जा तुम्ही आता. लागली कडी."